नाशिकमध्ये राहून मुलींच्या बॅडमिंटन दुहेरीत करिअर: केव्हा वळायचं, जोडीदार कुठली, पुढे काय?

इंदिरानगर_पालक

मुलगी १४ वर्षांची आहे, १५ वर्षांखालील गटातलं हे शेवटचं वर्ष. उंची पाच फूट तीन इंच, उजव्या हाताने खेळते. आठवड्याला सहा दिवस हॉलवर, रोज दोन तास कोर्ट आणि अर्धा तास फिटनेस. एकेरीत जिल्ह्यात उपांत्य फेरीपर्यंत येते, राज्य स्पर्धेत मात्र पहिल्या-दुसऱ्या फेरीत गाडी थांबते. दुहेरीत आयत्या वेळी जमवलेल्या जोडीदारासोबतही राज्यात उपांत्यपूर्व फेरी गाठली आहे. कोच म्हणतात, हिचा हात नेटजवळ जलद आहे, दुहेरीकडे वळवा. घरातली मोठी माणसं म्हणतात, एकेरीत जमेना म्हणून दुहेरी.

विचारायचं ते असं. एकेरी आत्ताच सोडायची का? दुहेरीचा सराव नेमका कसा वेगळा असतो? जोडीदार नाशिकचीच हवी का? (पुण्याची एक मुलगी तयार आहे, तिचे पालकही तयार आहेत.) नोंदणी आणि रँकिंग दुहेरीत कसं चालतं? आणि यातून पोट भरतं का, की शेवटी नोकरी बघावीच लागते? "मेहनत करा, फळ मिळेल" असं उत्तर नको. आकडे आणि कामाच्या गोष्टी सांगा.

दुहेरी_कोर्ट३

"एकेरीत जमेना म्हणून दुहेरी" हे घरातून आधी काढून टाका, कारण मुलगी तेच डोक्यात घेऊन कोर्टवर उतरते. देशांच्या संघांच्या सुदिरमन कपमध्ये एका लढतीत पाच सामने असतात, त्यांतले तीन दुहेरीचे: पुरुष, महिला, मिश्र. थॉमस (पुरुष संघ) आणि उबेर (महिला संघ) कपमध्ये पाचातले दोन. २०२२ साली भारताने इंडोनेशियाला ३-० हरवून थॉमस कप जिंकला, त्यात मधला गुण सात्विकसाईराज रंकीरेड्डी-चिराग शेट्टी या जोडीचा होता. दुहेरी ही वेगळी विद्या आहे आणि ती लवकर शिकावी लागते.

तरीही एकेरी आत्ता सोडू नका. कारण पायांचं आहे. मुलींच्या दुहेरीत एका स्मॅशवर गुण क्वचित मिळतो, रॅली लांबतात, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून पूर्ण लांबीचा क्लिअर (समोरच्या मागच्या रेषेपर्यंत उंच फटका) मारता आला नाही तर जोडी सगळा वेळ बचावातच राहते. तो क्लिअर आणि ते पाय एकेरीतच घडतात. चौदाव्या वर्षी फक्त नेटजवळ उभी राहणारी मुलगी सतराव्या वर्षी मागे अडकते आणि समोरची जोडी प्रत्येक शटल तिच्याच डोक्यावरून टाकते. सहा दिवसांतले तीन दुहेरी, दोन एकेरी आणि एक दिवस फक्त सर्व्हिस-रिसीव्ह आणि सामने, अशी वाटणी १७ वर्षांपर्यंत चालू द्या. निर्णय त्यानंतर.

आता सराव. दुहेरीत बऱ्याच रॅलींचा कल पहिल्या तीन-चार फटक्यांत ठरतो: सर्व्हिस, रिसीव्ह, तिसरा फटका. आपल्याकडच्या बॅचमध्ये याच गोष्टींना शेवटची दहा मिनिटं मिळतात, तेव्हा पोरं दमलेली असतात. हे उलटं करा. वॉर्मअप झाला की आधी सर्व्हिस.

बॅकहँड शॉर्ट सर्व्हिससाठी दोन्ही खांबांना नेटच्या पट्टीच्या वर १५ सेंटीमीटरवर दोरी बांधा. शटल पट्टी आणि दोरी यांच्यामधून गेलं पाहिजे आणि समोरच्या शॉर्ट सर्व्हिस रेषेवर (नेटपासून १.९८ मीटर) किंवा तिच्या किंचित पुढे पडलं पाहिजे. २०-२० चे पाच संच, प्रत्येक संच वेगळ्या ठिकाणी: मधल्या टी वर (मधली रेष शॉर्ट सर्व्हिस रेषेला मिळते तिथे), रिसीव्हरच्या अंगावर, बाहेरच्या कडेला. २० पैकी १६ बसले तर पुढचं ठिकाण, नाहीतर तेच पुन्हा. रॅकेट आखूड धरायची, म्हणजे मूठ ग्रिपच्या वरच्या टोकाला. शटल पिसांच्या टोकाला दोन बोटांनी हलकं धरायचं. मनगट झटकायचं नाही, अंगठ्याने ढकलायचं, एवढंच. शटलचा सर्वांत उंच बिंदू आपल्याच बाजूला, नेटच्या अलीकडे यायला हवा, म्हणजे पट्टी ओलांडताना ते खाली उतरत असतं. तो बिंदू नेटच्या पलीकडे गेला की समोरची मुलगी पुढे झेपावून मारणारच. यातली नेहमीची चूक अशी की शटल सोडायचा हात सर्व्हिसच्या क्षणी हलतो. मोबाइल बाजूला ठेवून २० सर्व्हिस चित्रित करा, लगेच दिसेल.

फ्लिक, म्हणजे अचानक उंच मागे टाकलेली सर्व्हिस, सात-आठ सर्व्हिसमागे एखादी पुरे. पण तिची तयारी शॉर्ट सर्व्हिससारखीच दिसली पाहिजे. खांदा आधी उचलला गेला तर समोरचीला कळतं.

रिसीव्ह करताना पुढचा पाय शॉर्ट सर्व्हिस रेषेच्या मागे साधारण ३० ते ५० सेंटीमीटर, रॅकेटचं डोकं पट्टीच्या वर. फ्लिकला भिऊन मुली दीड मीटर मागे उभ्या राहतात आणि मग प्रत्येक शॉर्ट सर्व्हिसला लिफ्ट (खालून उंच मागे टाकलेलं शटल) देतात. तिथेच हल्ला हातातून जातो. रिसीव्हची चांगली ठिकाणं चार: सर्व्ह करणारीच्या रॅकेटकडच्या नितंबाजवळ, दोन्ही बाजूंना मधल्या खोलीवर दोघींच्या मधल्या फटीत, आणि मागच्या मुलीच्या अंगावर सरळ पुश. नेटवर टाकणं हा पाचवा पर्याय ठेवा, पहिला नको.

तिसऱ्या फटक्याला सर्व्ह करणारी नेट सांभाळते, जोडीदार मधली खोली आणि मागचं. हा सराव चौघींनी करायचा: सर्व्हिस, रिसीव्ह, तिसरा, चौथा, थांबा. पुन्हा. पूर्ण रॅली खेळायची नाही. २० मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला ४० वेळा येतं.

बचावात दोघी शेजारी-शेजारी, हल्ल्यात पुढे-मागे, हे सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ होतो तो मधल्या शटलला. नियम ठरवून टाका: समोरची जिथून मारतेय तिच्या सरळ रेषेतली मुलगी बाजूची रेष आणि स्वतःचं अंग सांभाळेल, तिरकी उभी असलेली एक पाऊल मध्ये सरकेल आणि मधलं घेईल. नेटजवळून लिफ्ट केली की जिथून केली त्याच बाजूला सरळ मागे यायचं, जोडीदार दुसरी बाजू घेते. आणि मागून मारणारीने तिरका स्मॅश जपून मारावा. तो सरळ ब्लॉक होऊन मारणारीपासून लांबच्या रिकाम्या बाजूला पडला की पुढची मुलगी पोचत नाही. मुलींमध्ये सरळ हाफ स्मॅश, ड्रॉप आणि मधूनच पंच क्लिअर (कमी उंचीचा, जलद क्लिअर) ही सरमिसळ जास्त चालते.

कोर्टवर चौघी नसतील तर दोघींविरुद्ध एक: बचाव करणारी अर्ध्या कोर्टात, समोर दोघी हल्ल्यावर, २० शटलचे सहा संच, मध्ये दीड मिनिट विश्रांती. ड्राइव्हसाठी (पट्टीलगत जाणारे सपाट, जलद फटके) दोघी समोरासमोर सर्व्हिस रेषेच्या मागे, ४० सेकंदांचे आठ फेरे. शटल पट्टीच्या फूटभर वर गेलं की फेरा मोडला असं धरा.

ड्रॉ_आणि_लाइन

वरचं सगळं मान्य. मी नोंदणी आणि नियमांपुरतं सांगतो, कारण दुहेरीत फुकटचे गुण आणि फुकटच्या स्पर्धा इथेच जातात.

जिल्हा संघटनेमार्फत महाराष्ट्र बॅडमिंटन संघटनेची नोंदणी, त्यानंतर भारतीय बॅडमिंटन संघटनेचा खेळाडू क्रमांक. वयोगट १३, १५, १७, १९ खालील आणि मग वरिष्ठ. गट जन्मतारखेवरून वर्षभरासाठी ठरतो, त्यामुळे जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आजच बघा. अखिल भारतीय मानांकन स्पर्धेत दोन वेगळ्या जिल्ह्यांच्याच काय, दोन वेगळ्या राज्यांच्या मुलीही जोडीने खेळतात. पुण्याची जोडीदार चालेल. मात्र प्रवेशिका भरताना दोघींचे क्रमांक लागतात आणि दोघींची नोंदणी त्या वर्षासाठी चालू असावी लागते. एकीचं नूतनीकरण राहिलं की जोडी बाद. हे दरवर्षी कुणाचं तरी होतं. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी दोन्ही घरांनी पडताळून घ्यायचं.

शालेय स्पर्धा वेगळ्या वाटेने जातात: तालुका किंवा महानगरपालिका, जिल्हा, मग विभाग (नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार), मग राज्य. त्या शाळेमार्फत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांसाठी (कमाल २५) दोन्ही प्रकारची प्रमाणपत्रं जपून ठेवा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पडताळणीला त्रास होतो.

आता सर्व्हिसचे फॉल्ट. २०१८ पासून नियम उंचीचा आहे: शटलवर रॅकेट आदळताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. कंबरेचा हिशोब संपला. १४ व्या वर्षी हे सहज जमतं, पण मुलगी दोन वर्षांत दहा सेंटीमीटर वाढली आणि हात तोच राहिला की अचानक फॉल्ट पडायला लागतात. घरी भिंतीवर १.१५ मीटरवर चिकटपट्टी लावा आणि तिच्यासमोर बाजूने उभं राहून बघा. दुसरं, रॅकेट पुढे निघाली की थांबवून पुन्हा नेता येत नाही. तिसरं, रॅकेट आधी बुडालाच लागली पाहिजे, पिसांना नाही. चौथं, शटल सोडताना बोटांनी गिरकी द्यायची ती स्पिन सर्व्हिस २०२३ पासून बंद आहे. व्हिडिओ बघून कुणी शिकवत असेल तर थांबवा.

जागांचा घोळ: आपले गुण सम तर सर्व्हिस उजवीकडून, विषम तर डावीकडून. सर्व्हिस करणारी जोडी गुण जिंकते तेव्हाच त्या दोघी जागा बदलतात. रिसीव्ह करणाऱ्या जोडीने गुण जिंकला तर सर्व्हिस त्यांच्याकडे येते, जागा जशाच्या तशा. चुकीच्या कोर्टातून खेळलं गेलं आणि नंतर लक्षात आलं तर जागा दुरुस्त होतात, गुण तसेच राहतात. म्हणून वाद घालत बसू नये. दुहेरीची सर्व्हिस मागच्या रेषेच्या ०.७६ मीटर आतल्या रेषेपर्यंतच, पण रुंदी पूर्ण ६.१० मीटर. एकेरीतून आलेल्या मुली लांब फ्लिक "आत" समजून खेळतात आणि फुकट गुण देतात, तेव्हा मागच्या मुलीने "सोड" असं ओरडायची सवय लावा.

११ गुणांवर ६० सेकंद, दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद. या साठ सेकंदांत पालकांनी प्रेक्षकांतून सूचना देऊ नयेत. पोरीला तेव्हा एकच वाक्य ऐकायचं असतं, आणि ते कोचचं असावं.

इंदिरानगर_पालक

खूप खूप आभार, सगळं उतरवून घेतलं. पुण्याच्या मुलीचा प्रश्न उरतोच. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, दोघींच्या शाळा. एकत्र सराव किती लागेल? आणि करिअरचा पैशांचा भाग कुणी सांगेल का?

पंचवटी_एक्सप्रेस

पैशांचं आणि शिडीचं मी सांगतो.

आंतरराष्ट्रीय पायऱ्या खालून अशा: फ्यूचर सिरीज, इंटरनॅशनल सिरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, मग सुपर १००, ३००, ५००, ७५०, १०००. विजेत्याला रँकिंगचे गुण अनुक्रमे १७००, २५००, ४०००, ५५००, ७०००, ९२००, ११०००, १२०००. गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धा धरल्या जातात. दुहेरीतली मुख्य गोष्ट अशी की हे गुण जोडीच्या नावावर असतात. जोडीदार बदलली की नवी जोडी यादीत तळापासून वर चढायला लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी जोडी मोडणाऱ्या मुली चांगल्या असूनही मुख्य ड्रॉमध्ये दिसत नाहीत.

सुरुवात परदेशातूनच करावी लागते असं नाही. इंटरनॅशनल चॅलेंज भारतातही होतात, २०२२ मध्ये नागपूरला झाली होती. सुपर १०० गुवाहाटी आणि कटकला, सुपर ३०० लखनौची सय्यद मोदी. घरच्या स्पर्धेत विमानाचा आणि व्हिसाचा खर्च वाचतो, आणि यजमान देशाच्या जोड्यांना जागाही जास्त मिळतात. प्रवेशिका खेळाडू परस्पर भरत नाही, ती राष्ट्रीय संघटनेमार्फत जाते.

आता बक्षीस. २०२४ च्या सय्यद मोदी स्पर्धेची एकूण रक्कम २ लाख १० हजार डॉलर. महिला दुहेरी त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांनी जिंकली. विजेत्या जोडीचा वाटा एकूण रकमेच्या ७.९ टक्के, म्हणजे १६,५९० डॉलर. एकेरीच्या विजेत्याला ७.५ टक्के. नीट बघा: दुहेरीची रक्कम दोघींत वाटायची, म्हणजे प्रत्येकीला ८,२९५ डॉलर, एकेरीवाल्याच्या जेमतेम निम्मं. त्यातून कर, कोच, प्रवास. आणि हे जिंकल्यावर. इंटरनॅशनल चॅलेंजला पाचही प्रकार मिळून सगळं बक्षीसच साधारण १५-२० हजार डॉलर असतं, त्यामुळे तिथे जिंकूनही विमानभाडं सुटेलच असं नाही. पहिली काही वर्षं हा धंदा तोट्यातला आहे, असं धरूनच घरचं अंदाजपत्रक करा.

पोट भरतं ते नोकरीवर. तेल कंपन्या, रेल्वे, सेनादलं, विमानतळ प्राधिकरण यांच्यात खेळाडू भरती होते आणि संघ म्हणून खेळणाऱ्या संस्थांना पक्की दुहेरीची जोडी हवी असते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या पातळीचं पदक कुठल्या गटाच्या पदाला चालतं हे शासन निर्णयात दिलेलं आहे, चालू निर्णय क्रीडा कार्यालयातून घ्या. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयात होते आणि ती अर्ज भरण्याआधी हातात असावी लागते. पदक आलं की महिन्याभरात पडताळणीला टाका, पाच वर्षांनी स्पर्धेचे कागद शोधत बसणं फार जड जातं.

वयाचा मुद्दा मात्र दुहेरीच्या बाजूचा आहे. हेंद्रा सेतियावान १९८४ चा, २०१९ ची जागतिक स्पर्धा मोहम्मद अहसानबरोबर जिंकला तेव्हा पस्तिशीत. ग्रेसिया पोली १९८७ ची, टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण २०२१ मध्ये, आणि तिची जोडीदार अप्रियानी रहायू तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. आपली अश्विनी पोनप्पा २०११ ला ज्वाला गुट्टासोबत जागतिक कांस्य जिंकली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकलाही खेळली. अर्धं कोर्ट वाटून घ्यायचं असल्याने शरीर जास्त वर्षं साथ देतं आणि अनुभवाला किंमत येते. म्हणजे १७ व्या वर्षी राज्य पदक नाही म्हणून सगळं संपलं असं होत नाही.

खेळ थांबल्यावर कोचिंग. दुहेरीचं खरं शिकवणारे आपल्याकडे इतके कमी की राष्ट्रीय संघासाठी मलेशियाचे तान किम हर आणि डेन्मार्कचे मथायस बो यांना आणावं लागलं. नाशिकसारख्या शहरात दुहेरी शिकवू शकणाऱ्या बाईंना काम कमी पडणार नाही.

दुहेरी_कोर्ट३

पुण्याच्या मुलीबद्दल. आधी बघा दोघी एकमेकींना पुरक आहेत का. दोघींचाही हात नेटजवळ चांगला आणि मागून कुणीच मारणारी नाही, तर अंतराचा प्रश्नच सोडा, जोडीच चुकीची. उलट दोघी मागून मारणाऱ्या असतील तर जमवता येतं. सात्विक आणि चिराग दोघेही मागून जोरात मारणारे, तान किम हर यांनी २०१६ च्या सुमारास त्यांना एकत्र आणलं आणि मग पुढचा खेळ मुद्दाम शिकवला. डावखुरी मिळाली तर उत्तम, दोघींचे फोरहँड दोन वेगळ्या बाजूंना पडतात आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून हल्ला होतो. मात्र मधल्या पट्ट्याचे नियम तेव्हा नव्याने ठरवावे लागतात.

अंतर असलं तरी चालतं, पण हिशोबाने. महिन्यातून दोन शनिवार-रविवार एकत्र, एकदा नाशिक, एकदा पुणे. स्पर्धेआधी सलग चार दिवस एकत्र. यापेक्षा कमी असेल तर ती नावापुरती जोडी. एकत्र असताना क्लिअर-ड्रॉपसारखं जे एकटीने होतं ते करायचं नाही. तेव्हा फक्त चार गोष्टी: सर्व्हिसपासून चौथ्या फटक्यापर्यंत, बचावातून हल्ल्यात येणं, मधलं शटल, आणि सामने. सामने शक्यतो मुलांच्या जोडीशी, कारण त्यांचे ड्राइव्ह जलद येतात.

उरलेले दिवस दोघींनी आपापल्या हॉलवर एकच सराव करायचा, तोही लेखी. नाशिकमध्ये तिच्यासोबत कायमची सरावाची जोडीदार ठरवून टाका, रोज वेगळी नको. खुणा ठरवा: सर्व्हिसआधी पाठीमागे तर्जनी म्हणजे टी वर, करंगळी म्हणजे बाहेर, मूठ म्हणजे फ्लिक. कोर्टवरचे शब्दही ठरवा. एकीने "माझं" म्हणायचं आणि दुसरीने "घे" म्हणायचं असेल तर दोघींना तेच शब्द हवेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली सामन्यात गप्प होतात, आणि गप्प जोडी हरते.

पालकांनीही एक कागद करावा: वर्षात किती स्पर्धा, कुठल्या, एकीचे पालक दोघींना घेऊन गेले तर खर्च कसा वाटायचा, आणि जोडी मोडायची असेल तर कधी सांगायचं. मोसम संपल्यावर, पुढच्या प्रवेशिकेच्या आधी. मुली दुसऱ्या दिवशी सगळं विसरतात, जोड्या बहुतेक वेळा पालकांच्या रुसव्यात मोडतात.

अजून एक. एकेरीत हरलेल्या सामन्यानंतर तासाभरात दुहेरी असते. एकेरी, दुहेरी आणि मिश्र तिन्ही भरलं तर एका दिवसात पाच सामनेही येतात आणि संध्याकाळच्या दुहेरीला पाय उरत नाहीत. राज्य स्पर्धेत दोनच प्रकार भरा.

गटिंग_कॉलेजरोड

रॅकेटचं थोडक्यात. पुढे खेळणारीला डोकं हलकं किंवा समतोल असलेली, वजन ४यू (८० ते ८४.९ ग्रॅम). योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ ही मालिकाच दुहेरीसाठी आहे, एस पुढच्यासाठी आणि डी मागच्यासाठी, पण १४ वर्षांच्या हाताला डी ची काडी (शाफ्ट) कडक पडते. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट आणि दोन्हींवर एकच ताण हवा, नाहीतर तार तुटल्यावर दुसऱ्या रॅकेटने सर्व्हिस लांब जाते. ताण २२ ते २४ पौंड पुरे. मुलं २८ मागतात, त्यांचा स्वीट स्पॉट आक्रसतो आणि कोपर दुखतं. रोज खेळणारीचं गटिंग (रॅकेटच्या तारा) तुटलं नाही तरी महिन्याने बदला, ताण उतरलेला असतो. तार वारंवार डोक्याजवळच्या कोपऱ्यात तुटत असेल तर दोष तारेचा नसतो, शटल मधोमध लागत नाहीये.

शटलचं नाशिकपुरतं: आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा कोरडी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये शटल धावतं, तेव्हा ७६ किंवा ७५ नंबर (आकडा लहान तेवढं शटल हळू). डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ७७, फार गारठा असेल तर ७८. चाचणी सोपी: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने समांतर मारा, समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. मुंबईला गेल्यावर समुद्रसपाटीच्या जास्त दाट हवेत तीच लिफ्ट अर्धा-पाऊण मीटर आखूड पडते आणि पहिल्या गेममध्ये मुली त्यावर मार खातात. आदल्या दिवशी तिथल्या कोर्टवर वीस मिनिटं फक्त लिफ्ट आणि क्लिअर मारून बघा. कोरड्या दिवसांत पिसं लवकर तुटतात. डब्याची दोन्ही झाकणं काढून आतून काही सेकंद वाफ जाऊ द्या, झाकणं लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी वापरा. जास्त वाफ दिली तर शटल जड होतं. चौघींच्या दोन तासांच्या सरावाला सहा ते आठ शटल धरा. दुहेरीचा सगळ्यांत मोठा चालू खर्च हाच, म्हणून मल्टिशटल सरावासाठी (एकामागून एक बरीच शटल टाकून) जुनी वेगळी ठेवा, पण सर्व्हिस-रिसीव्हला चांगलीच वापरा. फाटक्या शटलवर घटवलेली सर्व्हिस सामन्यात लांब जाते.

ड्रॉ_आणि_लाइन

एक राहिलं, डोळे. दुहेरीत पुढची मुलगी मागे वळून जोडीदार काय मारतेय ते बघते आणि शटल थेट डोळ्यावर येतं, कधी समोरच्यांचं, कधी आपल्याच जोडीदाराचं. मागे बघायचं नाही हे पहिल्या दिवसापासून शिकवा. रॅकेट तोंडासमोर, नजर समोरच्या जोडीच्या रॅकेटवर, कारण मागून काय आलं ते त्यांच्या हालचालीवरून कळतं. सरावात पॉलिकार्बोनेट काचेचा, मागून पट्टा असलेला खेळाचा चष्मा घाला. रोजचा नंबरचा चष्मा घालून नेटजवळ खेळू देऊ नका, तो फुटून डोळ्यात जाऊ शकतो. नंबर असेल तर त्याच पॉलिकार्बोनेटमध्ये करून मिळतो. डोळ्याला शटल लागलं तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, दाब द्यायचा नाही. दिसायला ठीक वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं, कारण आतला रक्तस्राव वरून दिसेलच असं नाही.